हरवलेल्या बैलाची शिफारस

सोमवार, ६ मे. सकाळी ९.
किसुमूच्या विभागीय कार्यालयातून पत्र. अठ्ठावीस जूनला पश्चिम विभागातल्या सगळ्या ग्रंथपालांची सभा. प्रत्येकानं तेरा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी एकच कादंबरी सुचवायची. निवडलेली कादंबरी सगळ्या वाचनालयांत जाणार आणि पहिल्या पानावर शिफारस करणाऱ्या ग्रंथपालाचं नाव छापलं जाणार. हेझ्रॉन लुवुनो. छापल्यावर चांगलं दिसेल. एकोणतीस वर्षं नोकरी झाली, अजून कुठं छापलेलं नाही.
संकल्प: रोज शंभर पानं वाचणं. भाषणं कमी करणं.

बुधवार, ८ मे.
आमच्या वाचनालयात खुर्च्या चाळीस. चाळीसही भरलेल्या. आणि प्रत्येक खुर्चीवरचा पोरगा किंवा पोरगी स्वतःच्या वहीत गणितं सोडवत बसलेली. भोवती पाच हजार पुस्तकं, आणि यांची नजर वहीवर! नदीकाठी बसून थुंकी गिळणारी पिढी.
आज नियम जाहीर केला. कार्डावर कादंबरी घेतल्याशिवाय खुर्ची मिळणार नाही. दोन शब्द बोललो. पाऊण तास. गुलामगिरी, स्वातंत्र्य, कल्पनाशक्ती, सगळं घेतलं. शेवटी पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझी सहायक प्रिस्का म्हणाली की त्यांना गणिताकडे परत जायचं होतं म्हणून वाजवल्या. घरी जागा नाही, दिवा नाही, म्हणून इथं येतात, असंही म्हणाली.
प्रिस्का पोरांना विचारते, मागचं कुठलं पुस्तक आवडलं? रोग्यालाच औषध विचारणारा वैद्य. मी चेहरा पाहून कादंबरी देतो.
वाचन: शून्य पानं. बोलून घसा बसला होता.

सोमवार, १३ मे.
क्रांती झाली. एका दिवसात अडतीस कादंबऱ्या गेल्या. प्रिस्का म्हणते, पोरं त्या कोपराखाली ठेवतात आणि गणितं करतात. एकानं टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली होती. मला हरकत दिसली नाही. टेबल स्थिर तर मन स्थिर.

शुक्रवार, २४ मे.
शिक्के मोजले. ‘हरवलेला बैल’, पानं बहात्तर, प्रत एक. दहा दिवसांत चाळीस वेळा गेली! सकाळी दार उघडलं की तिच्यासाठी ढकलाढकली होते. तासाभरात परत येते, लगेच दुसरा नेतो. बाकीच्या कादंबऱ्या तीन-तीनशे पानांच्या, धूळ खात पडल्या आहेत.
माझी शिफारस ठरली. लेखकाचं नाव कुणी ऐकलेलं नाही. उत्तम. शोध माझाच म्हणायचा.
प्रिस्का म्हणाली, "सर, ती सगळ्यात पातळ आहे. दप्तरात जड होत नाही."
तिला सांगितलं की महान कृती नेहमीच हलकी वाटते.
आज वाचायला घेणार होतो. पण जेवणात मक्याची उगाली जरा जास्त झाली, झोप आली. मलपृष्ठ वाचलं. एका मुलाचा बैल हरवतो. अनुभवी माणसाला तेवढं पुरतं.

मंगळवार, २८ मे.
मुहोंजा नावाची एक पोरगी आहे. सोळा वर्षांची. शाळा सुटली, आता बाहेरून नोव्हेंबरच्या परीक्षेला बसणार. आई नाही. मावशी बस थांब्यावर मंदाझी, म्हणजे गोड पुऱ्या, तळून विकते. वाचनालय उघडायच्या आधी दारात हजर, बंद होताना शेवटी बाहेर. प्रिस्कानं सांगितलं की मावशीनं तिला नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली आहे. वाचनालयात अभ्यास चालू आहे तोवर ठीक. तो थांबला की नैरोबीला, कुणाच्या तरी घरी धुणीभांडी आणि पोरं सांभाळायला.
आज ती ‘हरवलेला बैल’ घेऊन माझ्यापुढं आली.
"सर, हे मधेच कोरं आहे."
मी म्हणालो, "पुस्तक कोरं नसतं. वाचक कोरा असतो."
सगळे हसले. तरुणांना हसवण्याची माझी हातोटी आहे. ती म्हणाली, तेहतीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत काहीच नाही. मी म्हणालो, पानं मोजायला आली असशील तर बाजारात जा, तिथं कांदे मोजायला माणूस लागतो. पुन्हा हशा. पोरगी पुस्तक उराशी धरून उभीच राहिली. कान लाल. मग जागेवर गेली.
पुस्तक उघडून पाहायची गरज वाटली नाही. विश्वास म्हणून काही असतो.

गुरुवार, ६ जून. सकाळी १०.
गुन्हा. सभेसाठी पुस्तक ताब्यात घेतलं, चाळलं, तर मधे पेन्सिलीनं लिहिलेलं! बारीक, ओळीला ओळ लावून, सोळा पानं. सरकारी पुस्तकात! अक्षर मुहोंजाचं. तिला सगळ्यांच्या मधोमध उभं केलं. तिनं नाकारलंही नाही.
"खरी पानं मिळेपर्यंत लिहिलं, सर. पुढच्या वाचणाऱ्याची पंचाईत नको म्हणून."
पुढचा वाचणारा! गेल्या महिन्यात चाळीस जण वाचून गेले, एकाची पंचाईत झाली नाही.
वीस मिनिटं बोललो. पुस्तकाचं पावित्र्य, शिस्त, राष्ट्र. मग तिचं कार्ड घेतलं आणि तिच्यासमोर कात्रीनं कापलं. तीन महिने प्रवेश बंद. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, लिहिलेलं वहीत उतरवून घेऊ का? नाही म्हणालो. गुन्ह्याची नक्कल गुन्हेगाराला देत नाहीत.
दुपारी प्रिस्का माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "सर, तिला बाहेर खाली बसून अभ्यास करू द्या. मावशीला कळलं तर ती पोरीला पाठवून देईल."
मी म्हणालो, मावशीचा निर्णय मावशीचा. नियम माझा. दोन्हीत गल्लत करू नये.

शुक्रवार, ७ जून.
सगळं स्वतः खोडलं. चार तास, दीड खोडरबर. पोरगी पेन्सिल दाबून लिहिते. प्रिस्का खांद्यावरून वाचत होती. एकोणचाळीसाव्या पानावर म्हणाली, "एक मिनिट थांबा सर, तो नदीत उतरतोय."
थांबलो नाही. कामात सातत्य हवं.
पानं स्वच्छ झाली. फारच स्वच्छ. पेन्सिलीखाली छापलेलं काही नव्हतंच. प्रिस्का म्हणाली, पोरगी हेच सांगत होती.
दहा मिनिटं अस्वस्थ. मग उलगडा झाला. हे मौन आहे! बत्तिसाव्या पानावर मुलगा नदीशी पोचतो. एकोणपन्नासाव्यावर तो शाळामास्तर असतो. मधली सोळा पानं लेखकानं तरुणांच्या मनावर सोडली आहेत. मनावर. पेन्सिलीवर नव्हे. केवढी छाती लागते याला! भाषण सुचू लागलं.

सोमवार, १७ जून.
मुहोंजाची मावशी आली, रोडा नाव. पिठाचे हात फडक्याला पुसत उभी. गुरुवारच्या बसनं पोरीला नैरोबीला पाठवतेय म्हणाली. जुळी पोरं असलेलं घर आहे. नेणारा माणूस ठरलाय.
"तुम्ही कार्ड दिलंत तर नाही पाठवत, साहेब. पोरगी दिवसभर भिंतीकडे बघत बसते. मला तरी किती दिवस परवडणार?"
तिला शिस्त या विषयावर थोडक्यात सांगितलं. तिच्या चेहऱ्याला शोभेल अशी एक कादंबरीही सुचवली. वाचता येत नाही म्हणाली. मग म्हणालो की सभा होऊ दे, एक जुलैला मोठ्या मनानं विचार करीन.
"बस गुरुवारी आहे, साहेब."
वाचनालय बसच्या वेळापत्रकावर चालत नाही, असं मी म्हणालो. चांगलं वाक्य. भाषणात घालावं.

गुरुवार, २० जून.
प्रिस्का जेवणाच्या सुट्टीत बस थांब्यावर गेली. अकरा मिनिटं उशिरा परतली. नोंद केली. डोळे सुजलेले. विचारलं नाही, खाजगी बाब.

शुक्रवार, २८ जून. किसुमू.
सत्तर ग्रंथपाल. बोलायला मी दहावा. नवा कोट.
पंचवीस मिनिटं बोललो आणि सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मौनाची सोळा पानं! बडबडणाऱ्या जगाच्या तोंडावर मारलेली सोळा कोरी पानं! प्रत उंच धरून एकेक पान उलटून दाखवलं. मागे एक माणूस उभा राहून टाळ्या वाजवू लागला.
मग अध्यक्ष श्रीमती ओबुया यांनी चष्मा लावला. त्यांच्या वाचनालयात हीच कादंबरी होती, मागवून घेतली. तेहतिसावं पान उघडून वाचायला लागल्या. छापलेलं. चौतिसावं. छापलेलं. पस्तिसाव्या पानावर बैल सापडला.
मागचा तोच माणूस म्हणाला, "लुवुनो, बैल पस्तिसाव्या पानावर गोठ्यात गेला की हो. तुम्ही अजून कुणाला हाका मारताय?"
सत्तर माणसं हसली. पोट धरून. छापखान्याची चूक आहे, असं कुणीतरी ओरडलं.
मी टिकून राहिलो. म्हणालो, चाळीस तरुण हे पुस्तक घेऊन गेले, कुणाची तक्रार नाही. एका मुलीची सोडून. तिनं तर कोऱ्या पानांत स्वतःच्या मनानं गोष्ट लिहून काढली, आणि त्याबद्दल मी तिला योग्य ती शिक्षा केली.
हसणं थांबलं. मला वाटलं, शिस्तीचा मुद्दा पटला.
ओबुयांनी विचारलं, सोळाच्या सोळा पानं? वय किती? शाळा सुटलीय? मी सगळं सांगितलं. त्यांनी छापील प्रत मिटली.
"हे छापलेलं मीही अर्ध्यावर सोडलं होतं. त्या मुलीची पानं मला आणून द्या. इथल्या मुलींच्या शाळेत वसतिगृहासकट एक जागा माझ्या शब्दावर मिळते. पुढच्या शुक्रवारपर्यंत नाव द्यायचंय. पानं आणा आणि मुलगी आणा."
शिफारस दुसऱ्याच कुणाची तरी निवडली गेली. परतताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, एवढं खरं.

सोमवार, १ जुलै.
ठरल्याप्रमाणे मोठ्या मनानं विचार केला. नवं कार्ड स्वतःच्या हातानं लिहिलं. प्रिस्काला म्हणालो, जा, बोलावून आण. तिनं कार्डाला हातही लावला नाही.
"तुम्ही जा, सर. मावशीला तुम्ही सांगा."
गेलो. रोडा तळत होती. नेणाऱ्या माणसाचा फोन बंद. घर कुठल्या भागात, तिला माहीत नाही. फक्त जुळी पोरं आहेत एवढं माहीत. शाळेच्या जागेचं सांगितलं. झारा तेलातच राहिला आणि सगळ्या मंदाझी काळ्या झाल्या. लोकांना रांगेत थांबावं लागलं.
दोष व्यवस्थेचा आहे. यावर कधीतरी बोललं पाहिजे.

बुधवार, ३ जुलै.
नैरोबीतल्या चार ग्रंथपालांना फोन. जुळी पोरं असलेलं घर माहीत आहे का? एकानं विचारलं, शहर कधी पाहिलंय का?

शुक्रवार, ५ जुलै.
ओबुयांचा फोन. मुलगी नाही तर निदान पानं पाठवा, ती बघून जागा महिनाभर राखून ठेवता येईल, मधल्या काळात शोधा. पाठवतो म्हणालो. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही.
दुपारी पुस्तक घेऊन बसलो. टेबलावरचा दिवा तिरका धरला की दाबलेल्या पेन्सिलीचे वळ दिसतात. एकेक अक्षर बोटानं लावत गेलो. तेहतिसाव्या पानाला सव्वा तास लागला. तिचा मुलगा काठावर बसतो. पलीकडून बैल हंबरतो आणि तो ओ देत नाही. का देत नाही ते पुढच्या पानावर होतं. तिथं मी फार जोर लावून खोडलेलं. कागद विरलाय. चार ओळी लागल्या, दोन गेल्या, एक लागली. तो चपला काढून ठेवतो. त्या त्याच्या बापाच्या आहेत.
हे बापाचं मला माहीतच नव्हतं.
पाच वाजले तरी उठलो नाही. चहा निवला. खुर्च्या कधी रिकाम्या झाल्या कळलं नाही. छत्तिसावं पान अर्धं लागलं होतं. पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं.
साडेसहाला प्रिस्का किल्ल्या घेऊन आली. बंद करायची वेळ झाली म्हणाली.
मी म्हणालो, एवढं पान होऊ दे.
तिनं दिवा घालवला.