डावीकडं ओढणारी गाडी

शुक्रवार, नोव्हेंबर २००२. संध्याकाळ.

आज सेकंडहँड गाडी विकली. स्टिअरिंग डावीकडं ओढतंय, हे घेणाऱ्याला का सांगितलं नाही मी? अलाइनमेंट दोनदा करूनही ओढतच होतं. सलीम मिस्त्रीनं सकाळीच बजावलं होतं, "बॉलजॉइंट गेलाय, साहेब. चाक कवाबी निखळंल. गाडी बाहेर काढू नका."

दुपारी मुरगूडचा पावणा बायको-पोरीला घेऊन गाडी न्यायला आला. "स्टिअरिंग बरं हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय की," मी म्हणालो.

पोरगी हट्टानं पुढं बसली, डाव्या बाजूला. डाव्याच! थांबवायला तोंड उघडलं, पण "सावकाश जावा" एवढंच म्हणालो.

मघाशी त्याच्या घरी फोन लावला. म्हाताऱ्या आईनं उचलला. "पोचली न्हाईत अजून," ती म्हणाली. "गाडीला ओवाळायला ताट करून बसलोय की."