तपासनिसाचा वाळा

४ फेब्रुवारी

चि. तपासनीस यांस अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. गच्चीवरच्या पिंपांत वाळा लावलास, आईच्या ट्रंकेत ठेवायला मुळांची जुडी पाठवणार म्हणून सगळ्या गोतावळ्यात डंका पिटलास. ती जुडी कुठे आहे? आईला दिसत नाही, माणसं ओळखू येत नाहीत. पण ट्रंक उघडली की हात घालून वाळा शोधते. जुन्या जुडीचा वास केव्हाच उडाला.

आणि दर रविवारी फोनवर मी कोण ते ओळख, म्हणून तिची परीक्षा घेणं थांबव. सारखं काहीतरी विचारणारा कोणी साहेब आहे, म्हणाली.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

वाळा सहा महिन्यांचा झाला, पण वाढेना. मी हयगय करत नाही. दर पंधरवड्याला प्रत्येक ठोंब उपटून मुळं मोजतो, वहीत टिपतो, परत लावतो. रोपवाटिकेवाल्याला वही दाखवली, तर तो नुसता हसत सुटला.

आई मला विसरली हे सहन होत नाही गं. म्हणून विचारतो.

तुझा धाकटा


२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

निवृत्त झालास, पण तपासणी काही सुटेना! अरे, मुळांची कोणी हजेरी घेतं का? दीड वर्ष हात लावू नकोस. आईच्या परीक्षेलाही तेवढीच सुट्टी दे.

ताई


९ मार्च

ती. ताईस सा. न.

दीड वर्ष आई थांबेल का, ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही. सगळे ठोंब उपटले. बोटभर मुळं निघाली, ती धुऊन, सावलीत वाळवून पाठवतोय. कोणी पाठवली ते आईला सांगू नकोस. तुला हसायचं तर हस.

धाकटा


१६ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

हसले, खोटं कशाला बोलू? जुडी कसली, दात घासायचा ब्रश! ओली करून आईच्या हातात दिली, तुझं नाव काढलं नाही. तिने हुंगली, चाचपली आणि वैतागून म्हणाली, की कोवळीच उपटलीत, हे धाकट्याचंच काम, मेल्याला लहानपणापासून दम म्हणून नाही. आता ट्रंकेत ठेवू देत नाही, उशाशी घेऊन निजते.

मला मात्र अजून नर्सच समजते. असो. रविवारी ये. वही आणू नकोस.

लोभ आहेच, तो उपटून पाहू नये, ही विनंती.

ताई