पानावर न लिहिलेली पायरी

अण्णा,

माझं काम नेमकं काय, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नव्हतं आणि मीही कधी धड सांगितलं नाही. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर दवाखान्यांत रुग्णांची नोंदणी करतं. ते बंद पडू द्यायचं नाही, पडलंच तर उठवायचं, हे माझं काम. सेलूच्या आपल्या घरात बसूनच करतो. कुणालाही त्यात काही बदलायचं असलं की मला विचारावं लागायचं, आणि खरं सांगतो, ते मला फार आवडायचं. गेल्या वर्षी साहेब म्हणाले, आता कॉम्प्युटरवर असं एक पान तयार कर की ज्यानं त्यानं तिथली बटणं दाबून आपलं काम आपणच करावं, तुझ्यासाठी खोळंबून राहू नये. मी हो म्हणालो, पण मनातून नको होतं.

तुम्ही जिनिंगमध्ये फिटर होतात. प्रत्येक मशीनशेजारच्या भिंतीवर पांढऱ्या रंगानं लिहून ठेवायचात: आधी खटका बंद, मग पट्टा उतरवा, मगच रोलरमध्ये अडकलेला कापूस काढा. मशीनवरच्या ज्या बायांना वाचता येत नव्हतं त्यांच्याकडून तोंडपाठ करून घ्यायचात. मी आठवीत असेन. तुमचा जेवणाचा डबा द्यायला आलोय आणि शहाणपणा करून विचारतोय, "अण्णा, समद्यांनाच येऊ लागलं तर तुमाला कोण इचारंल?"

तुमचा ब्रश थांबला. "मशीन माझी वाट बघत उभी ऱ्हायली तं माझी इज्जत वाढंल व्हय रे? अन् मी नसताना एखादीचा हात गेला म्हंजे? लय शाना झालास. जा घरी."

बायांसमोर बोललात म्हणून मी दोन दिवस फुगून बसलो होतो.

आमच्या पानावर एक बटण आहे. नवा बदल बिघडला तर ते दाबून जुनं परत आणायचं. पण त्याआधी नव्या नोंदी घेणं थांबवावं लागतं, नाहीतर एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर जाते. ही पायरी मी लिहिली नाही. विसरलो म्हणालो तर ते खोटं होईल, अण्णा. एवढ्यासाठी तरी माझ्याकडे यावं, म्हणून मुद्दाम मागे ठेवली.

गेल्या महिन्यात एका दुपारी, नवीन लागलेल्या मुलीनं ते बटण दाबलं. दवाखान्यांत नावांचा गोंधळ झाला, आजारी माणसं ताटकळली. मी निस्तरलं. सगळ्यांनी वाहवा केली, ती मी घेतली. नंतरच्या बैठकीत ती रडवेली होऊन सांगत होती, "सर, पानावर होतं तसंच केलं मी." साहेब म्हणाले, नीट वाचलं नसशील. स्क्रीनवर मी सगळ्यांना दिसत होतो. मी तांब्या उचलून पाणी प्यायलो. त्या घोटाची मला अजून लाज वाटते. तिला कामावर ठेवायचं की नाही, ते सोमवारी ठरणार आहे.

परवा ती पायरी मी गुपचूप पानावर घातली. बदल करणाऱ्याचं नाव खाली आपोआप उमटतं, तसं माझं उमटलं. पहिला निरोप तिचाच आला: "बरं झालं सर लिहिलंत. आता दुसऱ्या कुणाकडून माझ्यासारखी चूक होणार नाही."

हे सगळं साहेबांना लिहायला हवं, ते कळतं मला. तुम्हाला लिहितोय, कारण तुमचं उत्तर येणार नाही. तिला मात्र मी लगेच उत्तर पाठवलं: "होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."