नऊ नंबरची वेळ

सोमवार, १०
आधी एक दुरुस्ती. काल आल्या आल्या उत्साहात लिहिलं, की नाक्याच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. तीन आहेत. तिसरी कपाटामागे होती. मिस्त्रीकाकांनी कपाट सरकवलं आणि म्हणाले, घे पोरी, तुझा सिनेमा. तिच्यातून खिंडीपलीकडचा उतार दिसतो. तळापासून वर सात वळणं मोजली.

खोली छान ऊबदार आहे. टेबलावर फोन, नोंदवही, शिक्का. मिस्त्रीकाका शेजारच्या शेडमध्ये असतात, गाड्या दुरुस्त करायला. मोटारसायकलची स्पर्धा आहे, अठ्ठेचाळीस तासांत दोन हजार किलोमीटर! स्वार उद्या पलीकडे उतरतील, परवा परततील. दोन्ही वेळा मी वेळ लिहायची, कार्डावर शिक्का मारायचा.

शाळेआधी मी घरीच शिकले. आत्यानं अक्षर गिरवून घेतलं, बाबांनी घड्याळ शिकवलं. बाबा तीस वर्षं याच टेबलाशी बसले. वहीत एक खाडाखोड नाही. निघताना म्हणाले, दिसलं ते लिहू नकोस, पोचलं ते लिही.

मंगळवार, ११
बावीस स्वार पलीकडे गेले. नऊ नंबर पांढऱ्या मिशांचे. म्हणाले, बाई, माझी उद्याची वेळ आत्ताच लिहून टाक, चार चाळीस. जेवायला उशीर करतो म्हणून बायको बोलते, पण नाक्यावर कधी उशीर नाही. सगळे हसले. मी अर्थातच लिहिली नाही. त्यांनी कार्डावरचा शिक्का फुंकर मारमारून वाळवला.

बुधवार, १२
दुपारपासून हिमवादळ. एकवीस परतले आणि आपल्या बाजूला उतरले. एकाची बोटं हँडल सोडेनात. मिस्त्रीकाकांनी एकेक करून सोडवली.

चार वीसला तिसऱ्या खिडकीतून दिवा दिसला, तळाच्या पहिल्या वळणावर. तेवढ्यात स्पर्धेच्या कार्यालयाचा फोन आला. लाइन जातेय, नऊ नंबर पोचला का, नाहीतर पलीकडून शोधगाडी वर पाठवतो, तीही माणसं जीव मुठीत धरून निघतील. पहिल्या वळणापासून इथवर वीस मिनिटं. मी म्हटलं, पोचले. लिहिलं: ९, चार चाळीस. मिस्त्रीकाकांनी साक्षीची सही केली. फोन बंद पडला.

आता सात वाजलेत. कोणी आलेलं नाही.

गुरुवार, १३
रस्ता दोन्हीकडून बंद. मिस्त्रीकाका म्हणतात, मागे फिरला असेल, जुनं खोड आहे, काही होत नाही त्याला.

चार वीसला दुसऱ्या वळणावर दिवा. मिस्त्रीकाकांना बोलावून दाखवला. म्हणाले, कुठंय, नजर सांभाळ. पण नंतर ते शेडच्या दारात मान तिरकी करून उभे होते. इंजिन ऐकताना राहतात तसे.

शुक्रवार, १४
तिसरं वळण. मी फावडं घेऊन निघाले, वीस पावलांवर बर्फ कमरेला लागला. परत आले. बर्फात माणूस किती टिकतो, ते मिस्त्रीकाकांना विचारलं. पोशाख चांगला असेल तर एक रात्र, फार तर दोन, म्हणाले. कोणी शोधत असेल तर. मग माझ्याकडे न बघता वहीकडे बघत राहिले.

शनिवार, १५
कार्यालयाला फोन लागला. कबुलीचं वाक्य पाठ करून ठेवलं होतं. त्यांनीच आधी अभिनंदन केलं: बावीसच्या बावीस पोचले, तुझ्या बाबांना कळवलं तर रडलेच. बुधवारी रस्ता उघडेल, प्रमुख स्वतः वही न्यायला येतील. आणि नऊ नंबरच्या बायकोचा निरोप आहे. नाक्यावर अडकलेत ते बरंच झालं, मोजे वाळवून मगच घाला म्हणावं.

मी म्हटलं, सांगते.

चौथं वळण.

रविवार, १६
मिस्त्रीकाका म्हणाले, लिहिलं ते लिहिलं. खाली सापडला तर म्हणू, शिक्का घेऊन उलटा गेला. सही माझीही आहे, दोघांचं तोंड काळं करतेस का?

पाचवं. दिवा डुलतो. गाडी चालत नाहीये — कोणीतरी ढकलत आणतंय.

सोमवार, १७
सहावं. आता धाप ऐकू येते. बंद खिडकीतून. मिस्त्रीकाकांनी शेडला आतून कडी लावलीय, हाका मारल्या, ओ देत नाहीत. फोन पुन्हा बंद.

गुरुवारी ते जिवंत असतील का — दुसऱ्या वळणावर — शुक्रवारी —

नोंद खोडणार. बुधवारी प्रमुखांच्या हातात वही देऊन सगळं सांगणार. बाबांनाही. उद्या सातवं वळण, परवा दार. तोवर वेळ आहे.

मंगळवार, १८
दुरुस्ती. वळणं सहाच आहेत. सातवं म्हणून मोजलं ते नाक्याचं अंगण —

चार चाळीस. तिसरी खिडकी दिव्यानं पांढरी झालीय —

दाराखालून कार्ड आत आलं. ओलं. परतीच्या शिक्क्याची जागा कोरी — नाही मारणार, आधी खरं लिहीन, मग —

नोंद खोडली. शाई अजून ओली आहे. मानेमागून कोणीतरी तिच्यावर फुंकर —

बुधवारी, १९ तारखेला, मी स्वतः —