टिटवीच्या नोंदीतून सोनूबाईंना बाहेर काढण्याबाबत

प्रति,
मा. श्री. हितेश वालावलकर,
काळजीवाहू मुख्य संपादक, ‘पहारा’ श्रोतेकोश,
(कार्यालय : आपले राहते घर), मुलुंड पूर्व.

विषय : ‘दर्यावरचा पहारा’ या नभोनाट्यमालेच्या शीर्षक-उपशीर्षकांमधील चिन्हाचा निर्णय प्रलंबित असल्याबाबत, आणि त्यापायी गोराईच्या एका बाईंची पक्षी म्हणून राहिलेली नोंद.

संदर्भ : १) ‘शीर्षकचिन्ह’ चर्चा, दि. १४ जानेवारी २०२३ पासून अखंड चालू.
२) माझे यापूर्वीचे सहा अर्ज. निर्णय : शून्य.

महोदय,

‘दर्यावरचा पहारा’ हे शब्द आणि त्यानंतर येणारे भागाचे नाव यांच्यामध्ये निवेदक २.३ सेकंद थांबतात. उपलब्ध असलेल्या ६१ कॅसेटींवर मी हे अंतर मोजले आहे. फरक कोठेही ०.१ सेकंदाहून जास्त नाही. या अवधीत लांबून एक हाक ऐकू येते, ‘होऽऽ’. ती १.२ सेकंद टिकते. आपल्या कोशात या हाकेपुढे ‘टिटवी’ असे लिहिले गेले.

१. अर्जाची प्रत सर्व सभासदांना जात असल्याने थोडी पार्श्वभूमी देते. ही मालिका १९८६ ते १९९१ या काळात दर बुधवारी रेडिओवर लागत असे. तिचे २१४ भाग झाले. आपण पस्तीस-चाळीस श्रोत्यांनी मिळून इंटरनेटवर तिचा कोश उभा केला, त्यात कोणीही भर घालावी अशी सोय ठेवली, आणि लोकांनी खरोखरच भर घातली. परिणामी आज ८८ भागांच्या नावांत कोलन आहे, ७१ मध्ये लांब रेघ, ३९ मध्ये आखूड रेघ, १५ मध्ये स्वल्पविराम. एका भागात प्रश्नचिन्ह आहे, त्याचे कारण कोणालाच माहीत नाही. सर्वत्र एकच चिन्ह असावे, यावर कोणाचेही दुमत नाही. कोणते, यावर आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर कोणतेही चालेल. मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते. तेथे एकक कोणते यापेक्षा ते सगळ्या बाटल्यांवर सारखे आहे की नाही, हे आधी पाहतात.

२. चर्चा सुरू होताच आपली काळजीवाहू मुख्य संपादक म्हणून नेमणूक झाली. मुदत : चर्चा संपेपर्यंत. त्याच दिवशी आपण आदेश काढला की चर्चा संपेपर्यंत ज्या पानावर एखाद्या भागाचे नाव येते असे कोणतेही पान बदलू नये, नवीन काढू नये, आणि तक्रार असल्यास ती कागदावर, विहित नमुन्यात, पोस्टाने करावी. म्हणून हा कागद.

३. आपल्या नियमाप्रमाणे सात दिवस कोणी काही लिहिले नाही, तर चर्चा संपते आणि मतदान होते. चर्चेत आजवर ४१२ नोंदी आहेत. त्यांपैकी ९७ आपल्या आहेत. त्या सर्व एकाच मजकुराच्या आहेत : ‘विचार सुरू आहे.’ या ९७ पैकी प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीनंतर सहाव्या दिवशी पडली आहे. पाचव्या दिवशी एकही नाही, सातव्या दिवशी एकही नाही. इतकी नियमितता मला आमच्या कारखान्यातल्या यंत्रांतही आढळलेली नाही. गेल्या वर्षी आपल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, त्या आठवड्यातही आपण रुग्णालयातून विचार केलात. याबद्दल मला आदर आहे, तो मी येथे नोंदवते.

४. आता बाईंविषयी. टिटवीचा आवाज आणि आपली हाक मी संगणकावर शेजारी ठेवून पाहिली. जुळत नाहीत. पक्षी तुटक ओरडतो, ही हाक एका दमात वर चढून खाली येते. गेल्या ऑक्टोबरात मी रेकॉर्डिंग घेऊन बोटीने गोराईला गेले आणि बंदरावर बसलेल्या कोळणींना ते ऐकवले. राधा नावाच्या मासळीवाल्या बाईंनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘ही तं आमची सोनूआत्या. लाव, परत लाव.’ त्यांनीच मला घर दाखवले.

५. सोनूबाईंचे वय आज एकोणऐंशी आहे. १९८६ साली एका सकाळी दोन माणसे टेपरेकॉर्डर घेऊन किनाऱ्यावर लाटांचा आवाज भरत होती. सोनूबाई तेव्हा खाडीकडे तोंड करून होडीतल्या नवऱ्याला बोलावत होत्या. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, ही त्यांच्या घरची रीत, म्हणून हाकेत नाव नाही, नुसते ‘होऽऽ’. त्या माणसांनी त्यांना काही विचारले नाही. ते आवाज घेऊन गेले आणि १९९१ पर्यंत दर बुधवारी सगळ्या महाराष्ट्राला ऐकवत राहिले. सोनूबाईंकडे रेडिओ नव्हता.

६. ही माहिती मी ३ नोव्हेंबर २०२४ रोजी पुराव्यासह दिली : राधाबाईंचा जबाब, माझी मोजमापे, १९८६ सालचा सोनूबाईंचा घरासमोरचा फोटो. यावर सभासदांचे जे म्हणणे पडले, ते त्यांच्याच शब्दांत नोंदवते, म्हणजे माझ्यावर रंगवून सांगितल्याचा आरोप नको.

निहार : ‘आधी चिन्ह ठरू दे ना यार, मग बाईंचं बघू. त्यांच्या पानावर ६१ भागांची नावं येणार. कोलन लावणार की रेघ?’

दीप्ती : ‘अगं नेत्रा, एवढं मनाला काय लावून घेतेस? टिटवी म्हणजे काय शिवी आहे का?’

धवल : ‘आजींना सांग, एकदा फोनवर तशीच हाक मारून दाखवा. मी मॅच करून बघतो. दोन मिनिटांचं काम.’

आपण स्वतः : ‘संबंधित बाईंनी त्या पक्षी नसल्याचे स्वयंघोषणापत्र दोन प्रतींत सादर करावे.’

७. स्वयंघोषणापत्र मी तयार केले. मायना कसा असावा याचा नमुना कोठेच मिळाला नाही, त्यामुळे ‘मी, खाली सही करणारी, मनुष्य असून’ अशी सुरुवात केली. सोनूबाईंनी दोन्ही प्रतींवर अंगठा दिला. त्यांनी कागद वाचून दाखवायला सांगितला, मी वाचला. त्या पुष्कळ हसल्या. पुढे त्यांनी जे विचारले, ते तेथे लिहायला जागा नव्हती, म्हणून येथे लिहिते : ‘पन बाय, टिटवीच का? टिटवी वरडली का घरातला मानूस जातो म्हनतात. मी तं त्याला घरी बोलवीत होते.’

दीप्तीताईंच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे असे मला वाटते.

८. धवल यांचा निरोपही मी पोचवला, कारण निरोप पोचवायचा असतो. सोनूबाईंनी खाडीकडे पाहिले. ‘आता कुनाला मारू हाक,’ म्हणाल्या. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली आहेत. दोन मिनिटांचे ते काम होऊ शकले नाही, याबद्दल धवल यांनी क्षमा करावी.

९. स्वयंघोषणापत्रावर आपले उत्तर तीन महिन्यांनी आले : अंगठ्याच्या ठशावरून मनुष्यत्व सिद्ध होत असले, तरी तोच मनुष्य त्या दिवशी ओरडला हे सिद्ध होत नाही, शिवाय माझ्या अर्जात मालिकेच्या नावापुढे मी कोलन दिल्यामुळे तो चर्चेवर प्रभाव टाकणारा ठरतो. मी तोच अर्ज लांब रेघ देऊन पाठवला. तो दुसऱ्या बाजूने प्रभाव टाकणारा ठरला. तिसऱ्या वेळी काहीच चिन्ह दिले नाही, तेव्हा अपूर्ण म्हणून परत आला. मध्यंतरी कोणीतरी टिटवीच्या नोंदीत तिची अंडी, घरटे आणि आहार यांची माहिती घातली आहे. गोठवणीचा आदेश असताना ही भर कशी पडली, हे मी विचारले. त्या पानावर भागांची नावे नसून फक्त पक्षी आहे, असे कळवण्यात आले. म्हणजे टिटवी मोठी होऊ शकते, सोनूबाई होऊ शकत नाहीत.

१०. माझ्याही वागण्याबद्दल लिहिणे योग्य ठरेल. कोशाची कुलपे उघडण्याचा, म्हणजे गोठवलेले पान बदलण्याचा, अधिकार असलेल्या पाच सभासदांत मी एक आहे. २०२१ पासून तो माझ्याकडे आहे आणि कालच्या सभेपर्यंत मी तो एकदाही वापरला नव्हता. नियम मला आवडतात. मी त्यांवर जगते. डिसेंबरात आणि पुन्हा होळीच्या आसपास मी पान उघडून बसले, बोट बटणावर ठेवले आणि पान बंद केले. म्हटले, सर्वांनी मिळून ठरवलेले बरे. दर पंधरवड्याला सोनूबाईंची नातसून मोबाईलवर कोश उघडून त्यांना दाखवते. दर पंधरवड्याला त्यांचा फोन येतो, ‘झाला का गो?’ आणि मी म्हणते, ‘विचार सुरू आहे.’ हे माझ्या तोंडचे वाक्य आहे, आपले नव्हे. ते किती वेळा म्हटले हे मी मोजलेले नाही. एवढी एकच गोष्ट मी मोजलेली नाही.

११. काल, रविवार दि. ११ मे रोजी आपल्या घरी सभा झाली. अकरा सभासद हजर होते. कोलनवाले खिडकीकडे बसले, रेघवाले दाराकडे. दीड तास झाल्यावर आपण म्हणालात, ‘चहा घ्या सगळ्यांनी. आणखी सात दिवस बघू, काय घाई आहे?’ रात्री आपण पाठवलेल्या इतिवृत्तात यापुढे एक ओळ आहे : ‘श्रीमती पोतनीस यांनी भावना व्यक्त केल्या.’

ही ओळ चुकीची आहे. मी भावना व्यक्त केल्या नाहीत. सव्वादोन वर्षांच्या सभांत मी काल प्रथमच बोलले, त्यामुळे कोणाच्या नीट लक्षात राहिले नसेल, हे समजू शकते. तेव्हा हा अर्ज परवानगीसाठी नसून इतिवृत्तात दुरुस्ती व्हावी एवढ्यासाठीच आहे. माझे बोलणे पुढीलप्रमाणे जसेच्या तसे घ्यावे :

‘मी आत्ता, इथे बसून, टिटवी काढते आहे आणि सोनूबाईंचं नाव लावते आहे. कुणाला मला अडवायचं असेल, त्याने त्यांना फोन लावावा आणि कारण सांगावं. नंबर देते, लिहून घ्या.’

कोशाची, अजून तरी सभासद,
नेत्रा शं. पोतनीस
नाहूर, दि. १२ मे २०२५