पुढच्या दोन खोल्यांचा ताबा

उस्मानाबाद,
९ जून १९७३

सौ. चांगुणाबाई यांना,

वनमालाचा नमस्कार. मच्छिंद्ररावांना माझा जयभीम सांगा. तुम्ही अकरा वर्षं आमच्या पुढच्या खोल्यांत राहिलात, पण हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नाही. आज कागदावर लिहिते आहे.

तुम्ही घर सोडून बेंबळीला गेलात त्याला तीन महिने झाले. सगळी सुखरूप असाल. इकडं नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. टँकर आला की गल्लीतल्या बायका घागरी घेऊन धावतात. मी उरेल ते घेते. एकटीला लागतं किती?

शेजारच्या सिताबाई परवा सांगत होत्या की तुम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाता. मी म्हटलं, असं कसं होईल, त्यांच्याकडे शिलाईचं मशीन आहे. त्या म्हणाल्या, "अहो, दुष्काळात चोळ्या कोण शिवून घेतंय?" तुमच्या शिवगंगेची शाळा सुटली असंही म्हणाल्या. मला वाटलं होतं, तुम्हाला गावातच दुसरी खोली मिळेल. तुम्ही सहा ठिकाणी विचारलंत आणि सगळीकडे आधी आडनाव विचारलं, हे मला नंतर कळलं. खरं तर हे आधी कळायला अवघड नव्हतं.

मच्छिंद्रराव रोज एस.टी.नं खरेदी-विक्री संघात कामाला येतात ना? मागच्या सोमवारी ते स्टँडवर दिसले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता. मी भांड्यांच्या दुकानात शिरले आणि गाडी लागेपर्यंत पातेल्यांच्या किमती विचारत राहिले.

पुढच्या खोल्यांना कुलूप आहे. आमचा राघवेंद्रदादा ताबा घेऊन सोलापूरला गेला तो परत आलेला नाही.

हे पत्र चार दिवस अर्धवट पडलं होतं. आज पुढं लिहिते.

आईला लकवा झाला तेव्हा तुम्ही दिवसातून तीनदा मागच्या खोलीत येऊन तिला कुशीवर वळवत होता. चौदा महिने, ती जाईपर्यंत. तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर मला म्हणाले, "चांगली शुश्रूषा केलीत." मी तुमचं नाव सांगितलं नाही. आणखी एक आहे. तुम्ही तिला वळवून गेलात की आई डोळ्यांनी तांब्याकडे खूण करायची आणि मी अंथरुणावर पाणी शिंपडायची. प्रत्येक वेळी. आईचं बोलणं गेलं होतं, मी नाही म्हटलं असतं तर ती काय करणार होती? पण मी कधी नाही म्हटलं नाही.

आता कचेरीचं.

घरमालकाला स्वतःला राहायला जागा हवी असेल तरच तुमच्यासारख्या, भाडं कधी न चुकवणाऱ्या माणसांना उठवता येतं, एरवी कायदा हात लावू देत नाही, असं दादाला वकिलानं सांगितलं होतं. म्हणून दादानं अर्जात लिहिलं की त्याची बदली उस्मानाबादला झाली आहे आणि बायकामुलांसह राहायला त्याला पुढच्या खोल्या हव्यात. साक्षीला मी होते.

त्या दिवशीचं तुम्हाला आठवत असेल. तरी लिहिते, कारण मला ते एकदा लिहायचं आहे. दादाच्या वकिलानं विचारलं, "तुमच्या भावाची बदली झाली हे खरं का?" मी म्हणाले, "हो." मग तुमचे वकील उठले. म्हणाले, "बाई, बदलीचा हुकूम तुम्ही स्वतः पाहिलात?" मी म्हणाले, "पाहिला." ते म्हणाले, "किती तारखेचा होता? सही कुणाची होती?" एवढ्यात मच्छिंद्रराव बाकावरून उठले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वकीलसाहेब. वनूताई खोटं बोलणार न्हाईत. त्या म्हणत्यात म्हंजी बदली झाली आसंल. त्यास्नी आडवंतिडवं इचारू नका."

वकील खाली बसले. रेंट कंट्रोलर साहेबांनी पुढचा साक्षीदार बोलावला.

दादाची बदली झालेली नव्हती. कसलाही हुकूम नव्हता. दादाचं पत्र आलं होतं, 'असं असं सांग' म्हणून. ते मी चुलीत घातलं.

आता त्यानं पुढच्या खोल्या एका करडईच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यायचं ठरवलं आहे. दिवाळीनंतर अख्खं घर तोच विकत घेणार. मला सोलापूरला दादाकडे जावं लागणार आहे. वहिनींनी कळवलं आहे की स्वयंपाकघरात रात्री अंथरूण घालता येईल.

मी काल कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या लिंबाजींकडे गेले. त्यांनी सांगितलं की स्वतः राहतो म्हणून ताबा घेतला आणि मालक राहायलाच आला नाही, तर उठवलेल्या भाडेकरूला ती जागा परत मागता येते. मुदत असते, ती संपत आली आहे. पण मालक आला नाही एवढ्यानं भागत नाही, दादा म्हणेल की बदली रद्द झाली. ती झालीच नव्हती हे कुणीतरी शपथेवर सांगायला हवं.

तुम्ही अर्ज केलात तर मी सांगेन.

हे मी तुमच्यासाठी करते आहे की मला सोलापूरला जायचं नाही म्हणून करते आहे, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही. हल्ली कशाचंच येत नाही. जेवण होतं, झाडलोट होते, दिवस जातो. तुम्ही ठरवा.

वनमाला


बेंबळी,
२१ जून १९७३

वनूताईंना चांगुणाचा जयभीम.

म्या सांगती आन् शिवगंगा लिहिती. माझं बोलणं सुधरून लिहू नको म्हणून तिला दम दिलाय.

तुमचं पत्र दोन येळा वाचून घेतलं. ह्यांनी एकदाच ऐकलं आन् उठून भाईर गेले.

पाणी शिंपडायचं मला ठाव हुतं. दुपारच्याला यायची तवा चादर वली आसायची. म्या मनात म्हणायची, ह्यानं म्हातारीला सर्दी हुईल. शिवगंगा आत्ता लिहिता लिहिता थांबली, म्हणती, ठाव हुतं तर जात कशाला हुतीस? तुमच्या आई मथुराबाई आंगानं जड हुत्या. तुमच्या एकटीच्यानं वळत नव्हत्या. म्हणून येत हुते, दुसरं काय न्हाय.

बदली न्हाय हे बी मला त्याच दिशी कळलं. तुमी साऱ्या कचेरीकडं बघितलं, फकस्त आमच्या बाकाकडं न्हाय. घरी येऊन ह्यांना म्हणलं तर माझ्यावरच खवळले. "माणसावर इस्वास ठिवायला शीक," म्हणले. आता जेवताना घास हातात धरून बसत्यात. घर गेलं त्याचं न्हाय वाटत त्यांना एवढं. आपणच आपल्या वकिलाला गप केलं, त्याचं वाटतंय.

हे म्हणत्यात, अर्ज न्हाय करायचा, त्या कचेरीची पायरी पुन्ना न्हाय चढायची. म्या म्हणलं, तुमी नका चढू, म्या चढते. भाडेचिठ्ठी ह्यांच्या नावावर हाय म्हणून सही ह्यांची लागती. तीन दिस मागं लागून घेतली. लिंबाजींकडं अर्ज लिहायला टाकलाय.

तुमचा राग हाय मला. लई हाय. पर रागासाठी घर सोडून देऊ काय? माझ्या लेकरांची शाळा त्या गावात हाय, ह्यांची नोकरी त्या गावात हाय, आन् आमाला दुसरं कुणी घर देत न्हाय.

तारीख कळवीन. साक्षीला या.

चांगुणा


लोहारा,
३० नोव्हेंबर १९७३

सौ. चांगुणाबाई यांना,

नमस्कार. हे पत्र तुम्हाला उस्मानाबादच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकिटावर पत्ता लिहिताना मी आपल्या हातानं स्वतःचं नाव लिहून बसले, मग खोडून मच्छिंद्ररावांचं लिहिलं. खाडाखोड दिसेल, राग मानू नका.

तुम्हाला बारा तारखेला ताबा मिळाला असं सिताबाईंनी कळवलं. मी दहा तारखेलाच निघाले. तुम्ही सामान घेऊन याल तेव्हा मी दारात उभी राहून काय करणार होते, ते मला सुचलं नाही.

साक्ष झाली त्याच आठवड्यात दादा आला. ओरडला नाही. चहा घेतला. मग आईच्या तेराव्याला मी सही केलेला हक्कसोडीचा कागद पिशवीतून काढून समोर ठेवला आणि म्हणाला, "भाडेकरूच्या मागं कायदा आहे. तुझ्या मागं काय आहे, सांग." मी खरंच विचार केला. वैधव्य आल्यापासून एकोणीस वर्षं त्या घरात राहिले. माझ्या नावाची भाडेचिठ्ठी नाही, पावती नाही, आता हक्कही नाही. मी म्हणाले, "काही नाही." तो म्हणाला, "मग निकाल लागेपर्यंत राहा." लिंबाजी म्हणत होते की त्या सहीवरही भांडता येईल. मी त्यांच्याकडे परत गेले नाही. भांडायला जे काही अंगात लागतं ते साक्षीलाच संपलं असावं.

इथं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं आहे. बत्तीस मुली आहेत. कोठीशेजारी एक खोली दिली आहे, नोकरी आहे तोवर. पहिल्या दिवशी वाढताना मुलींची आडनावं विचारावीत असं फार मनात आलं. विचारली नाहीत. पण मनात आलं, हे तुम्हाला सांगून ठेवते.

थोडं कामाचं. घर अजून दादाच्याच नावावर आहे. व्यापाऱ्यानं अंग काढून घेतलं, म्हणून दादा तुमच्यावर चिडलेला राहील. भाडं हातात देऊ नका, मनिऑर्डरनं पाठवा. त्यानं परत केलं तर कचेरीत भरता येतं, पण महिना चुकवू नका. त्याला तेवढंच निमित्त हवं आहे. मागच्या खोल्यांच्या माळवदाला भेग आहे, पुढच्या पावसात ओल तुमच्या भिंतीत उतरेल. दुरुस्तीचं त्याला रजिस्टर पत्रानं कळवा, तोंडी सांगू नका. आमच्या घरच्यांशी तोंडी काही बोलू नका.

मच्छिंद्रराव साक्षीच्या दिवशी आले नाहीत. मी सारखी दाराकडे बघत होते. ते आले असते तर मला बोलता आलं असतं की नाही, माहीत नाही. त्यांना माझ्याकडून काही सांगा असं लिहिणार होते, पण काय सांगणार? त्यांनी मला वाचवलं होतं, आणि मी त्यांना वाचवू दिलं.

एक गोष्ट तुम्हाला ऐकू गेली नसेल. तुम्ही दाराशी, बाकावर होतात, आणि मी फार हळू बोलत होते. सगळं सांगून झाल्यावर साहेबांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, "बाई, शपथेवर खोटं सांगितल्याचं तुम्ही आज स्वतःच कबूल करता आहात. याबद्दल तुमच्यावर खटला होऊ शकतो, कळतंय ना?" मी म्हणाले, "हो." मग म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या दिसता, वयानं मोठ्या आहात. त्या वेळी खोटं का सांगितलंत?"

मी काही तयार करून गेले नव्हते. जे होतं ते तोंडातून आलं.

मी म्हणाले, "मला राहायला जागा हवी होती, साहेब."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. मी सही केली.

उत्तराची वाट बघत नाही. पण आलं तर वाचेन.

तुमची अकरा वर्षांची शेजारीण,
वनमाला