गुळ्याच्या फोटोखालची ओळ

।। श्री ।।
बारामती, १० डिसेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
वृषालीचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कसलं लिहितेस, म्हणून हसू नकोस. तुमच्या घरात मोबाईल एकच, तो मामांच्या खिशात, आणि स्पीकर लावल्याशिवाय मामांना ऐकू येत नाही. मागं मी तुला हळूच विचारलं, मामा गोळ्या वेळेवर घेतात का, तर ‘न्हाय घेत’ असं उत्तर मामांनीच दिलं. दुधाच्या गाडीवरचा संभाजी रोज बारामती-भवानीनगर करतो. एका चहावर तो पोस्टमन व्हायला तयार आहे.

तुमचा रिकामा गोठा तू मामांच्या मागे लागून आमच्या ‘सवंगडी’ मंडळाला मिळवून दिलास, हे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. टाकून दिलेली, गाडीखाली सापडलेली सगळी कुत्री आता एका छपराखाली आहेत. खाणं, औषधं आणि उन्हाळ्याआधी पुढच्या पत्र्याची सोय करायची म्हणून आम्ही १२ जानेवारीला गोठ्याशेजारीच हुरडा पार्टी ठेवतोय. मामांनी उसाच्या कडेला शाळू केलाय, त्यातल्या चार सऱ्या द्यायला ते कबूल झालेत. येणाऱ्यानं पोटभर हुरडा खावा आणि जमेल ते देणगीच्या डब्यात टाकावं.

कारखान्याच्या चौकात एक फ्लेक्स लावणार आहोत. घर हवं असलेल्या कुत्र्यांचे फोटो, खाली माहिती. गुळ्याच्या फोटोखाली मी लिहिलंय : ‘दत्तक देणे आहे. वय अंदाजे सात. स्वभाव शांत. लसीकरण पूर्ण. तीन पायांवरही राखणीला पक्का.’ बिचाऱ्याला उसाच्या ट्रॉलीनं उडवलं तेव्हापासून त्याला कुणी विचारत नाही. गोठा तिकडं म्हणून संपर्काला तुमच्याच घरचा नंबर टाकतेय. मामांना गोडीगुलाबीनं सांग.

मामांना नमस्कार. लोभ आहेच, तो गुळ्याकडेही थोडा वळवावा.

तुझी
वृषाली

भवानीनगर, १४ डिसेंबर २०२४

चि. वृषालीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. संभाजीनं चहाबरोबर खारीही मागितली, म्हणजे टपालखर्च वाढला बघ.

फ्लेक्सचं वाचून मी आधी कपाळाला हात लावला. अगं, जागा ज्याची त्याचाच फोटो नाही? आपल्याकडं फ्लेक्सवर फोटो राहिला म्हणून सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला न गेलेली माणसं आहेत. तुझे मामा तोंडानं म्हणतील, आपल्याला न्हाय बाबा हौस. पण चौकातनं येताना मान वळवून बघतील. सोबत त्यांचा रिटायर झाले त्या दिवशीचा फेट्यातला फोटो पाठवतेय. खाली ‘आमचे आधारस्तंभ’ असं घाल. हे मी सांगितलंय असं कुठं बोलू नकोस.

आणखी एक मनातलं सांगते. ह्यांचे गुडघे गेले आणि दोन वर्षांमागं गाया विकल्या, त्या दिवसापासून हा माणूस गोठ्यात गेलेला नाही. सकाळचा चहासुद्धा गोठ्याकडं पाठ करून पितात. बोलणं तर इतकं कमी झालंय की इंद्रजित मुंबईहून फोन करतो तेव्हा, जेवलो आणि बरं हाय, एवढ्यावर संपतं. माझे लेक-सून लांब, माणूस जवळ असून गप्प. घर खायला उठतं बघ. तुला गोठा दिला तो भूतदयेनं नव्हे, मी माझ्या स्वार्थानं दिला. दावणीला पुन्हा आवाज झाला तर ह्यांनाही कंठ फुटेल असं वाटलं. अजून तरी फुटला नाही.

तब्येतीला जप. माया आहेच, ती लिहून का दाखवायची?

तुझी
आत्या द्वारकाबाई

भवानीनगर, २२ डिसेंबर २०२४

प्रति,
चि. वृषाली, सवंगडी प्राणिमित्र मंडळ, बारामती.
विषय : गोठा रिकामा करून देणेबाबत.

आशीर्वाद.

वरील विषयान्वये कळविण्यात येते की, कारखान्याच्या चौकात आपल्या मंडळाने लावलेल्या फ्लेक्सवर आमचा फेटा बांधलेला फोटो असून त्याखाली ‘दत्तक देणे आहे. वय अंदाजे सात. स्वभाव शांत. लसीकरण पूर्ण. तीन पायांवरही राखणीला पक्का’ असा मजकूर छापण्यात आला आहे. शेजारी आपल्या गुळ्या नामक कुत्र्याचा फोटो असून त्याखाली ‘आमचे आधारस्तंभ, आदरणीय मानसिंगराव’ असे आहे.

सदर मजकूर चहावाल्या भिमाने सर्व चौकास मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर आमच्या लसीकरणाची चौकशी ज्याने केली नाही असा इसम गावात उरलेला नाही. कारखान्याच्या शेती विभागात उभी हयात गेली, पण अशी शोभा कधी झाली नव्हती.

सबब, संक्रांत होताच गोठा रिकामा करून द्यावा. हुरड्याचा शब्द दिलेला आहे, तो मोडणार नाही. फ्लेक्स उतरवू नये, उतरवल्यास आम्ही चिडलो असा समज होईल.

स्वभाव शांत असल्याने इतक्यावरच थांबतो. लोभ तूर्त स्थगित ठेवण्यात आला आहे.

आपला
मानसिंग
(वय अंदाजे सात नव्हे, सदुसष्ट)

बारामती, २४ डिसेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मामांचं पत्र आलं. पहिल्यांदा वाचून हसले, दुसऱ्यांदा वाचून रडले, आणि आता हे लिहिताना दोन्ही चाललंय.

चूक माझीच. मामांचा फोटो ऐनवेळी आला. फ्लेक्सवाल्यानं तो गुळ्याशेजारी बसवला आणि खालच्या ओळींची अदलाबदल झाली. छापण्याआधी त्यानं मोबाईलवर नमुना पाठवला होता. मी एका पिल्लाला गोचिडाच्या औषधानं आंघोळ घालत होते, हाताला साबण, पिल्लू अंगावर. मामांचा फेटा दिसला, गुळ्याचे कान दिसले, आणि मी म्हटलं, छान आहे, छाप. मी मामांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी, राँग नंबर, असं सांगून ठेवून दिला.

आत्या, एवढी जनावरं घेऊन मी जाऊ कुठं? बारामतीत कुत्रं म्हटलं की घरमालक दार लावून घेतो. बाकीची कशीही राहतील, पण गुळ्याची धास्ती वाटते. जागा बदलली की तो खाणं सोडतो. मागच्या वेळी हलवला तेव्हा तो जगतोय की नाही अशी वेळ आली होती. तुमच्या गोठ्यात आल्यावर कुठं तो पोटभर खाऊन पाय ताणून झोपायला लागला. त्याला पुन्हा टेम्पोत कुठल्या तोंडानं चढवू?

मामांचे पाय धरायला मी तयार आहे, फक्त ते घरात असतील अशी वेळ कळव. तोवर लोभ तुझ्या वाट्याचा तरी चालू ठेव.

तुझी
वृषाली

भवानीनगर, ३० डिसेंबर २०२४

चि. वृषालीस,
अ. उ. आ.

एवढ्यात पाय धरायला येऊ नकोस, इथं वेगळीच गंमत चाललीय.

तुझ्या फ्लेक्सचा फोटो कुणीतरी मोबाईलवर सोडला आणि तो पार इंदापुरापर्यंत हिंडला. फोन सुरू झाले. पहिले दोघे-तिघे चेष्टेखोर होते. एकानं विचारलं की फेटेवालं जनावर रात्री भुंकतं का. ह्यांनी त्याला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मग सांगवीहून सिंधुबाई नावाच्या कुणाचा तरी फोन आला. हे तिच्यावरही डाफरले की, फोटोतला माणूस द्यायचा न्हाय. ती बाई खट. म्हणाली, माणूस माझ्या घरात एक हाय तेवढा पुरं, मला ती काळी कुत्री पायजे.

झालं, ह्यांच्यातला साहेब जागा झाला. घर कुणाचं, कुंपण हाय का, आधीचं कुत्रं कशानं गेलं, उन्हाचं बांधणार कुठं, अशी चौकशी केली की मला वाटलं लेकीचं स्थळ बघतायत. शेवटी सिंधुबाईनं विचारलं, काळी शिळी भाकरी खाते का. ह्यांना ते काय माहीत? फोन तसाच हातात धरून ताडताड गोठ्यात गेले आणि काळीपुढं भाकरी टाकून, खाती बरं का, असं सांगितलं.

वृषाली, दोन वर्षांनी माझ्या नवऱ्यानं त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघत होते. हाक मारली नाही, हसले नाही, तव्यावरची भाकरी करपली तरी हलले नाही. फोन संपल्यावरही बराच वेळ बाहेर आले नाहीत. बघते तर रिकाम्या दावणीशी टेकून उभे, आणि गुळ्या त्यांच्या चपलेवर मान टाकून निवांत.

आता रोज कुणाचा तरी फोन येतो आणि प्रत्येकासाठी गोठ्यात फेरी होते. तरी गोठा सोडायचा विषय काढला की म्हणतात, शब्द म्हंजे शब्द. पुरुषाचा शब्द आणि पुरुषाचा हट्ट ह्यात फरक कसा करायचा, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

आशीर्वाद भरपूर, धीर त्याहून जास्त.

तुझी
आत्या

बारामती, ८ जानेवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आनंद आहे, पण तक्रारही आहे. मामा एकही कुत्रं बाहेर जाऊ देत नाहीयेत! सिंधुबाईंची काळी तेवढी गेली, तीही मामा स्कूटरवरून सांगवीला जाऊन घर पाहून आल्यावर. आमच्या मंडळातला विशाल एक चांगलं कुटुंब घेऊन आला, तर त्यांचं फाटक रस्त्यावर उघडतं म्हणून परत. दुसऱ्यांच्या हौदात शेवाळ होतं म्हणून परत. मंडळातली पोरं म्हणतात, मामांच्या हातनं कुत्रं मिळवण्यापेक्षा पोलीस भरती सोपी.

पण एक स्थळ असं आलंय की मामांनाही नाव ठेवता येणार नाही. कऱ्हाटीच्या माधवीताई, डाळिंबाची बाग आहे, घर वस्तीवर, गाड्यांचा त्रास नाही, घरात पोरंबाळं. त्यांना गुळ्याच हवा. तीन पायांचं कुत्रं त्यांच्याकडं आधीही होतं. हुरड्याला येऊन बघतील आणि संक्रांतीला घेऊन जातील. बाकीच्यांना मी १७ तारखेला टेम्पोनं हलवते, काही आमच्या गच्चीवर, काही विशालच्या परड्यात. गुळ्याचा प्रश्न सुटला म्हणून नाचावंसं वाटायला हवं, पण मन लागत नाही. तू मामांना हे आधी सांग, माझा धीर होत नाही.

लोभ असू दे, आणि हुरड्याला शेंगदाण्याची चटणी तुझ्याच हातची असू दे.

तुझी
वृषाली

भवानीनगर, १५ जानेवारी २०२५

चि. वृषालीस,
अ. उ. आ., आणि तिळगुळ.

हुरड्याचं तू पाहिलंसच. फ्लेक्स वाचून हसायला म्हणून आलेली माणसं देणगीचा डबा भरून गेली. तुझे मामा हुरडा कमी आणि कुत्र्यांची माहिती जास्त वाढत होते.

काल संक्रांतीला माधवीताई जीप घेऊन आल्या. ह्यांनी सगळं विचारलं. दिवाळीत फटाके वाजले की हा थरथरतो, तवा काय करणार, हेही विचारलं. बाईनं सांगितलं की आतल्या खोलीत घेऊन त्याच्याजवळ बसणार. तेव्हा कुठं हे, न्या, म्हणाले. स्वतःच्या हातानं गुळ्याला उचलून जीपमध्ये ठेवलं, भाकरीचं फडकं दिलं. जीप गेली. हे गोठ्यात जाऊन उभे राहिले, हातात मोकळं दावं. मला गाया गेल्या तो दिवस आठवला. मनात आलं, आता हा माणूस पुन्हा बोलायचा नाही. मी तिळगुळाची वाटी तशीच ठेवून दिली आणि पदरानं डोळे पुसत बसले.

तेवढ्यात स्कूटरचा आवाज. गुडघ्याचा पट्टा बांधायचा राहिला, गोळी राहिली, हा माणूस गेला सुद्धा! जाताजाता माधवीताईंना फोनवर ओरडून सांगत होते की थांबा, त्याचं दुसरीकडं ठरलंय, सांगायचं राह्यलं. कारखान्याच्या फाटकाशी जीप गाठली. आले ते गुळ्या पुढं पायाशी बसलेला, कान वाऱ्यावर, आणि जीप त्यांच्यामागं! माधवीताई पोट धरून हसत होत्या. म्हणाल्या, जीपमध्ये बसल्यापासून त्यानं मागं बघायचं सोडलं नव्हतं, मला तिथंच कळलं. त्यांना दोन पिल्लं दिली, दोन्ही घेऊन खुशीत गेल्या.

टेम्पोचं काय करायचं ते मला विचारू नकोस. हे सकाळपासून कागद-पेन घेऊन गोठ्यात बसलेत आणि काय लिहिलंय ते दाखवत नाहीत. दोन्ही पत्रं संभाजीबरोबरच येतील. आज चहा गोठ्यात मागवला.

सुखी राहा. माझं सुख कळवलंच आहे.

तुझी
आत्या

भवानीनगर, १५ जानेवारी २०२५

प्रति,
चि. वृषाली, सवंगडी प्राणिमित्र मंडळ, बारामती.
विषय : दि. २२ डिसेंबरचे पत्र रद्द समजणेबाबत.

अनेक आशीर्वाद.

टेम्पो पाठवू नये. गोठा मंडळाकडेच राहील. पाण्याची भांडी रोज घासली जातात की नाही, हे यापुढे आम्ही जातीने पाहू. हुरड्याची कणसे कापताना दिसले की विशालला विळा धरता येत नाही, त्यास आठवडाभर आमच्याकडे पाठवावे. पुढील पत्र्याचे माप घेतले आहे.

फोनवर राँग नंबर सांगितला, तो राँग नव्हता. मनावर घेऊ नये. तुझ्या आत्याला वाटते की तिने फोटो पाठवला हे आम्हास ठाऊक नाही. तिला तसेच वाटू द्यावे.

स्थगित ठेवलेला लोभ आजपासून पूर्ववत सुरू करण्यात येत आहे.

तुझे
मानसिंगमामा

ता. क. फ्लेक्स इतक्यात उतरवू नये. आमच्या फोटोखाली ‘दत्तक देणे आहे’ असे आहे, त्यावर पांढरा कागद चिकटवून ‘घर मिळाले’ असे लिहावे. गुळ्याच्या फोटोखालच्या ओळीतून आमचे नाव तेवढे खोडावे. बाकीची ‘आमचे आधारस्तंभ’ ही ओळ बदलू नये. ती बरोबर आहे.